एका सातबाऱ्यावर अकरा नावे

पुण्याहून नगर रस्त्याने, सोलापूर रस्त्याने किंवा सासवडच्या दिशेने बाहेर पडा. शहर संपले असे जिथे वाटते, तिथे ते संपलेले नसते. उसाच्या शेजारी सात मजली इमारत, तिच्यामागे पत्र्याच्या चार खोल्या, त्यापलीकडे चुन्याच्या रेघा मारलेले मोकळे रान, आणि रस्त्याच्या कडेला पाटी : 'एक गुंठा, दोन गुंठे. सुलभ हप्ते. खरेदीखत मिळेल.' याला धड गाव म्हणता येत नाही आणि शहरही म्हणता येत नाही. इथे राहायला येणारा माणूस शहरात राबतो, पण शहरात घर घेणे त्याला परवडत नाही. रिक्षा चालवून, शिवणकाम करून जमवलेली त्याची सगळी पुंजी त्या पाटीवरच्या तीन वाक्यांच्या भरवशावर असते. आज बोलायचे आहे ते त्या तीन वाक्यांबद्दल.

मी कविता लिहिणारा माणूस. जमिनीच्या व्यवहारात माझे काय काम, असे तुम्हाला वाटेल. पण आमच्या मोहल्ल्यात मराठीत लिहिणारा म्हणजे मराठी कागद वाचून देणारा, एवढाच अर्थ होतो. त्यात मी बी.ए. झालेला. माझा कवितासंग्रह कोणी मागून नेत नाही, पण संध्याकाळी प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घातलेला कागद घेऊन कोणीतरी येतेच. 'चाचा, जरा बघा ना, घर माझ्या नावावर झालं का?' मी वकील नाही, हे प्रत्येकाला आधी सांगतो. मग चष्मा काढतो आणि वाचतो.

गंमत अशी, की या कागदांची भाषा मला कधी परकी वाटली नाही. खरेदीखत या शब्दातली खरेदी फारसी आणि खत अरबी. हक्क, वारस, कब्जा, दाखला, मोबदला, मुखत्यार हे शब्द अरबीतून निघाले, फारसीच्या वाटेने मराठीत आले आणि तलाठ्याच्या दप्तरात कायमचे मुक्कामाला राहिले. माझी आजी निरक्षर होती, पण यातले निम्मे शब्द तिच्या रोजच्या बोलण्यात होते. तरीही हेच शब्द एका कागदावर ओळीने बसले की शिकलेल्या माणसालाही घाम फुटतो. कारण कागद हातात आला म्हणजे मालकी आली, असे आपण धरून चालतो. खरे तर प्रत्येक कागद एकाच प्रश्नाचे उत्तर देतो, आणि बहुतेक वेळा तो आपला प्रश्न नसतो.

उदाहरण घ्या. गावठाणातले जुने घर विकत घ्यायचे आहे. गावठाणाला सातबारा नसतो. विकणारा ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा दाखवतो. त्यावर त्याचे नाव असते, घर क्रमांक असतो, गोल शिक्का असतो. पण तो कर आकारणीचा कागद आहे. या घराची पट्टी कोणाकडून वसूल करायची, एवढेच ग्रामपंचायत त्यात लिहून ठेवते. मालक कोण, हे ठरवणे तिचे काम नव्हे. आणखी एक घोळ नावाचा. तलाठ्याकडे 'आठ-अ' नावाचा वेगळाच उतारा मिळतो. एका खातेदाराच्या नावावर गावात किती जमीन आहे, ते त्यात असते. 'आठचा उतारा आहे' असे एजंटाने सांगितले, तर कोणता आठचा, हे विचारायला हवे. गावठाणातल्या घरांची ही उणीव भरून काढण्यासाठी २०२० साली केंद्राची स्वामित्व योजना आली. ड्रोनने मोजणी करून घरमालकांना मिळकत पत्रिका देण्याचे काम तिच्यात होते. ती पत्रिका तयार झाली असेल तर आधी ती मागावी.

गावठाणाबाहेर पडलो की शेतजमीन सुरू होते, आणि पाटीवरचा गुंठा इथला. गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. चाळीस गुंठ्यांचा एकर. शेताचे तुकडे पडत जाऊ नयेत म्हणून १९४७ साली तुकडेबंदीचा कायदा झाला. ठरावीक क्षेत्रापेक्षा लहान तुकडा सुटा विकता येत नाही, असा त्याचा गाभा. २०२३ साली बहुतेक जिल्ह्यांसाठी हे किमान क्षेत्र जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे ठरले. शिवाय शेतकरी नसलेल्या माणसाला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही, तो १९४८ च्या कूळकायद्याचा दंडक वेगळाच.

मग एक गुंठा विकायचा कसा? त्यावर वाट निघाली. अकरा गिऱ्हाइके गोळा करायची, अकरा गुंठ्यांचे एकच खरेदीखत करायचे आणि सातबाऱ्यावर अकरा जणांची नावे सामाईक लावायची. गिऱ्हाईक खूश, सातबाऱ्यावर नाव लागले! पण त्या सातबाऱ्यात तुमचा गुंठा कोणता, ते कुठेच लिहिलेले नसते. चुन्याची रेघ पावसात धुऊन जाते. अकरापैकी एक वारतो आणि त्याचे पाच वारस येतात. दुसऱ्याच्या कर्जापोटी त्याच्या हिश्श्यावर बोजा चढतो. तुम्हाला घर बांधायला कर्ज हवे असेल, तर बँक विचारते, तुमचा हिस्सा दाखवा. अकरा माणसे एकमेकांच्या नशिबाला बांधली जातात, आणि त्यांतली निम्मी एकमेकांना ओळखतही नसतात.

याहून वाईट म्हणजे नोटरीचा कागद. शंभर किंवा पाचशेच्या मुद्रांकावर 'विकत दिले' असे लिहायचे, नोटरीचा लाल शिक्का मारायचा, बरोबर एक कुलमुखत्यारपत्र जोडायचे. दिसायला सगळे भारदस्त. पण १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे शंभर रुपये वा त्याहून अधिक किमतीच्या स्थावराची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते. सह्या करणारी माणसे तीच होती, एवढी साक्ष नोटरी देतो. मालकी तो देऊ शकत नाही. मुखत्यारपत्राच्या आधारे होणाऱ्या अशा विक्रीने मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली स्वच्छ सांगितले आहे. तरी हे कागद आजही माझ्यापर्यंत येतात. लॅमिनेशन केलेले.

लोक असे कागद का घेतात? अडाणीपणामुळे, असे म्हणून मोकळे होणे मला मान्य नाही. कमी पैशांत दुसरे काही मिळत नाही, हे पहिले कारण. आमच्या लोकांच्या बाबतीत आणखी एक आहे, तेही बोललेले बरे. चांगल्या योजनेत फ्लॅट रिकामा असतो. नाव सांगितले की तो 'कालच गेलेला' असतो. फोनवर मराठी ऐकून खूश झालेला एजंट आडनाव ऐकल्यावर कसा अडखळतो, हे मी स्वतः अनुभवले आहे. सरळ दरवाजा बंद झाला की माणूस मागच्या वाटेने जातो, आणि मागच्या वाटेवर गुंठेवारी असते. तिथे नाव कोणी विचारत नाही. रोख विचारतात.

सरकारने या वस्त्यांकडे पाहिलेच नाही असे नाही. गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा २००१ साली झाला; २०२१ च्या दुरुस्तीने त्याची मर्यादा २०२० अखेरपर्यंतच्या वस्त्यांपर्यंत नेली. २०२५ अखेरीस तुकडेबंदीतही बदल होऊन नागरी आणि नियोजित भागांतले तुकड्यांचे जुने व्यवहार नियमित करण्याची वाट निघाली. पण 'नियमित होणार' हे शब्द ऐकून आज नवा तुकडा घेऊ नका. जमिनीचा तुकडा नियमित झाला म्हणजे त्यावरचे बांधकाम अधिकृत झाले, असे होत नाही. नुसता नोटरीचा कागद असेल, तर मुद्रांक शुल्क भरून दस्त नोंदवावाच लागतो, आणि त्यासाठी मूळ मालक किंवा त्याचे वारस सही करायला शोधावे लागतात. वीस वर्षांनी ते सापडतात, पण भाव बदललेला असतो.

एजंटाचे दुसरे आवडते वाक्य : 'गाव महापालिकेत येणार आहे, भाव दुप्पट होईल.' २०१७ साली पुणे महापालिकेत अकरा गावे आली, २०२१ साली वाघोलीसह तेवीस. त्यांतली फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही २०१७ ची गावे. २०२४ साली त्यांची वेगळी नगर परिषद झाली. हद्दीच्या रेषा अशा पुढे-मागे सरकतात. तुमच्या प्लॉटला कागदावर रस्ता नसेल, तर तो कोणत्याही हद्दीत गेला तरी रस्त्यावाचूनच राहतो. मालकी तपासाल तेव्हा रस्ताही तपासा. आणि पाणी पाहायचे असेल तर मे महिन्यात जा. टँकर मोजता येतात.

आता थोडे विकणाऱ्यांकडे वळतो, कारण सर्वांत जास्त भांडणे तिथून उगवतात. दुय्यम निबंधक दस्त नोंदवतो. विकणारा खरोखरच एकटा मालक आहे याची हमी देत नाही. सातबाऱ्यावर दोन भावांची नावे असतात, दोघे सही करतात, आणि तीन बहिणींचे कोणी नावच काढत नाही. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मतः हक्क मिळाला, आणि वडील त्या वेळी हयात होते की नव्हते याने फरक पडत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले. मुस्लीम वारसा कायद्यात मुलीचा हिस्सा मुलाच्या निम्मा असतो. निम्मा असला तरी असतो, हे आमच्याकडचे भाऊही सोयीने विसरतात. बहिणीची सही नसेल तर तिचा हिस्सा विकला गेलेला नाही, आणि तुम्ही तो विकत घेतलेला नाही. हे हिशेबाचे झाले. माझ्या मनाला लागते ते हक्कसोडपत्र. दोन्ही समाजांत मी पाहिले आहे : बहिणीला माहेरी जेवायला बोलवायचे, साडी द्यायची आणि सही घ्यायची. तिला नाही म्हणता येत नाही, कारण माहेर तुटते. घर बाईच्या नावाने घेतले तर २०२१ पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे; त्या सवलतीसाठी बायकोचे नाव लावणारा माणूसच बहिणीचे नाव काढायला आलेला असतो.

आमच्याकडचा आणखी एक पेच म्हणजे हिबा, दानाचा तोंडी व्यवहार. देणाऱ्याने दिले म्हणायचे, घेणाऱ्याने घेतले म्हणायचे आणि ताबा सोपवायचा. या तीन गोष्टी झाल्या की मुस्लीम कायद्याने दान पुरे होते. नोंदणीकृत कागद लागतोच असे नाही. विश्वास सुंदर होता, पण तो तीन पिढ्या टिकवायला माणसे जगावी लागतात. देणारा गेला, साक्षीदार गेले. नातू घर विकायला काढतो तेव्हा चुलत घराण्यातले चौघे उभे राहतात आणि विचारतात, कधी दिले? कोणासमोर दिले? अशा घराचा ग्राहक विसार देऊन बसलेला असेल, तर तो अडकतो. हिबा केलाच असेल, तर माणसे हयात असताना तो लिहून नोंदवून ठेवा, असे मी आता लग्नाच्या मांडवातही सांगतो. लोक हसतात.

म्हणून विसार द्यायच्या आधी, साठेखत करायच्याही आधी, तीस वर्षांचा शोध घ्यावा. वकील त्याला सर्च रिपोर्ट म्हणतात. सातबारा आज पंधरा रुपयांत डिजिटल सहीसह घरबसल्या मिळतो, पण एकट्या आजच्या सातबाऱ्यावर थांबू नये. त्यातले फेरफार क्रमांक उतरवून घ्यावेत आणि एकेक जुना फेरफार काढावा. नाव कसे लागले आणि कोणाचे गळले, ते तिथे कळते. 'इतर हक्क' हा रकाना शेवटी असतो म्हणून लोक तो वाचत नाहीत. कूळ, बोजा, वाद सगळे तिथेच लिहिलेले असते. इमारतीतला फ्लॅट असेल तर महारेराचा क्रमांक पाहावा, आणि तयार इमारत असेल तर भोगवटा प्रमाणपत्र.

गेल्या महिन्यात शिवणकाम करणारी एक मुलगी आली. विसाराचे पैसे अजून तिच्याच पिशवीत होते. सातबाऱ्यावर एका माणसाचे नाव आणि आठ-दहा वर्षांपूर्वीचा एक वारसाचा फेरफार. तो फेरफार आम्ही मागवला. त्यात मयताला दोन मुलगे आणि दोन मुली लिहिल्या आहेत. त्या तिघांची नावे पुढे कुठे गेली, हे विचारणारा अर्ज तिने स्वतःच्या अक्षरात लिहून तलाठी कार्यालयात दिला आहे. २०२४ पासून तलाठ्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, एवढी दुरुस्ती मी अर्जात सुचवली. उत्तर अजून यायचे आहे.