शटर खाली, पंधरा मिनिटांत पान वाढलं: टेक्सासचं मिगास



या आठवड्याचा विषय बिलिंग नाही, स्टॉक नाही. रात्रीचं जेवण. हसू नका, आधी ऐका.

दुकान नवीन होतं तेव्हा मी साडेनऊला शटर ओढायचो आणि वाटेत पार्सल घ्यायचो. आई न जेवता थांबायची. तिला डायबेटिस, गोळी जेवणाच्या वेळेशी बांधलेली. एका रात्री मी पार्सलच्या रांगेत उभा, आणि इकडे तिला दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले. शुगर खाली गेली होती. शेजारच्या काकूंनी साखर-पाणी दिलं म्हणून सावरली. त्या दिवसापासून दोन नियम केले. आईने माझ्यासाठी थांबायचं नाही, आणि माझं जेवण घरीच, पंधरा मिनिटांत.

त्या शोधात मिगास सापडलं. अमेरिकेतलं टेक्सास राज्य मेक्सिकोला लागून आहे. दोन्हीकडच्या स्वयंपाकातून तिथे जे जेवण घडलं, ते टेक्स-मेक्स. ऑस्टिन शहरात मिगास नाश्त्याला हमखास मिळतं. स्पॅनिशमध्ये या शब्दाचा अर्थ चुरा. स्पेनमध्ये ते शिळ्या पावाचं करतात, टेक्सासमध्ये उरलेल्या मक्याच्या टॉर्टियाचं, अंड्यांबरोबर. आपली फोडणीची पोळी आठवली ना? डोकं तेच!

दोघांसाठी साहित्य
४ अंडी, मक्याचे ३-४ टॉर्टिया, १ छोटा कांदा, १ टोमॅटो (बिया काढून), १-२ हिरव्या मिरच्या, मूठभर किसलेलं चीज, कोथिंबीर, २ चमचे तेल, मीठ. तिकडे हालापिन्यो मिरची आणि चेडर किंवा माँटेरे जॅक चीज घालतात. आपल्याकडे टॉर्टिया नाही मिळाले तर साधे खारे नाचो चिप्स घ्या, फक्त मीठ कमी करा.

कृती
१. टॉर्टियाच्या बोटभर रुंद पट्ट्या कापा. तेलात कुरकुरीत परता आणि बाजूला काढा. चिप्स असतील तर ही पायरी नाही.
२. त्याच कढईत कांदा-मिरची २ मिनिटं, मग टोमॅटो १ मिनिट.
३. गॅस बारीक करा. मीठ घालून फेटलेली अंडी ओता, हळूहळू हलवा.
४. अंडी अर्धी जमली की पट्ट्या आणि चीज घाला. अंडी शिजली पण अजून मऊ आहेत, तेवढ्यात गॅस बंद. वरून कोथिंबीर.

चूक कुठे होते? पट्ट्या लवकर टाकल्या की मऊ पडतात. काहींना तसंच आवडतं, पण कुरकुरीत हवं असेल तर त्या शेवटीच. सोबत टोमॅटोचा साल्सा किंवा शिजवून ठेचलेला राजमा.

आता दुकानदाराच्या भाषेत. गर्दीच्या आधी आपण माल पॅक करून ठेवतो की नाही? तसंच कांदा चिरणं, पट्ट्या कापणं सकाळीच उरका, डब्यात भरून फ्रीजमध्ये ठेवा. रात्री फक्त गॅस पेटवायचा. आणि उरलेला टॉर्टिया म्हणजे डेड स्टॉक. तो फेकायचा नाही, नवीन रूपात काउंटरवर आणायचा.

धंदा आपण घरासाठीच करतो ना? मग घरचं कुणी आपल्यापायी उपाशी थांबता कामा नये. आज करून बघा, आणि किती मिनिटं लागली ते मला नक्की कळवा!