शिवारातली वीज, परमुलखातले तांबे

जळालेली मोटार वाइंडिंगच्या दुकानात उघडली की काळवंडलेली तार आधी बाजूला काढून ठेवली जाते. भंगारातही तांब्याला किलोवर चांगला भाव मिळतो. परभणीच्या शेतकऱ्याला धातूचे मोल नवे नाही. तरीही सौरपंपाचा विषय निघाला की 'आता ना कोळसा, ना खाण, फुकटचे ऊन' असे सर्रास बोलले जाते. यातले कोळशाचे बरेचसे खरे आहे. खाणीचे नाही.

3 अश्वशक्तीच्या सौरपंपाला सुमारे 3 हजार वॅटचे पॅनल लागतात. त्यांच्या वजनात सर्वाधिक वाटा काचेचा, म्हणजे वाळूचा. चौकट ॲल्युमिनियमची, तिच्यासाठी बॉक्साइट. सिलिकॉनच्या चकत्यांवरच्या बारीक रेघा चांदीच्या, केबल आणि मोटारीतली तार तांब्याची. परभणीच्या काळ्या मातीखालच्या बेसॉल्टमधून खडी निघते, तांबे नाही. गोंदियाच्या पलीकडे बालाघाट जिल्ह्यात मलाजखंडची मोठी तांब्याची खाण आहे, पण देशातल्या सगळ्या खाणी मिळूनही गरज भागत नाही. उरलेले तांबे समुद्रापलीकडून येते.

मग उलट टोकाची समजूत पुढे येते: डोंगर इथेही पोखरायचे आणि तिथेही, तर फरक तो काय?

फरक फार मोठा आहे, आणि तो शेजारच्या परळीतच दिसतो. तिथल्या औष्णिक केंद्राचा 250 मेगावॅटचा एक संच पूर्ण क्षमतेने चालला, तर दिवसाला सुमारे 4 हजार टन कोळसा जळतो. जवळपास एक अख्खी मालगाडी. दुसऱ्या दिवशी तेवढाच पुन्हा. पॅनलमधला धातू मात्र एकदा खणला की 25 वर्षे काम देतो आणि त्यानंतरही धातूच राहतो. पाण्याचा हिशेब तर याहून बोलका. परळीच्या केंद्राला पाथरी तालुक्यातल्या मुद्गल बंधाऱ्यातूनही गोदावरीचे पाणी जाते. दुष्काळात ते पुरले नाही म्हणून 2013 मध्ये आणि पुन्हा 2015 मध्ये हे केंद्र बंद ठेवावे लागले. पिके करपत होती तेव्हाच विजेचेही पाणी आटले होते. पॅनलला लागते ते धूळ पुसण्यापुरते पाणी.

'तंत्र सुधारले की वीज कमी लागते' ही समजूत जुनी आहे. इंग्रज अर्थतज्ज्ञ विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांनी 1865 मध्येच दाखवून दिले होते, की वाफेची इंजिने काटकसरी झाली तसा कोळशाचा खप वाढला, कारण स्वस्त झालेली शक्ती आणखी दहा कामांना जुंपली गेली. मोबाइलचेही तसेच. रोज चार्ज केला तरी वर्षाकाठी दहाएक युनिटच्या आतच भागते. 3 अश्वशक्तीचा पंप तेवढी वीज चार-पाच तासांत ओढतो. पण त्या मोबाइलमागचे टॉवर आणि नवी मुंबईसारख्या ठिकाणची डेटा केंद्रे घरच्या मीटरवर दिसत नाहीत. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार जगभरातल्या डेटा केंद्रांनी 2024 मध्ये सुमारे 415 अब्ज युनिट वीज वापरली, आणि 2030 पर्यंत हा आकडा दुपटीच्या वर जाईल.

मोटारींच्या चुंबकांत लागणाऱ्या धातूंचे 'दुर्मिळ मृदा' हे नावही फसवे. त्यांतले सेरियम पृथ्वीच्या कवचात साधारण तांब्याइतकेच आहे. अडचण आहे ती धातू वेगळे करून शुद्ध करण्याची, आणि ते काम बहुतांशी चीनमध्ये होते. एप्रिल 2025 मध्ये चीनने निर्यातीवर निर्बंध घातले, तेव्हा चुंबकांअभावी पुण्याच्या बजाज ऑटोला विजेवरच्या चेतक स्कूटरचे उत्पादन कमी करावे लागले. खाण असून भागत नाही, कारखानाही लागतो.

शेवटचा गैरसमज पॅनल बाद झाल्यावरचा: 'भंगारवाला नेईल की!' ॲल्युमिनियमची चौकट तो नेईलही, ती सहज सुटते. चांदी मात्र काचेखाली, सिलिकॉनला चिकटलेली असते आणि ती काढायला रासायनिक प्रक्रिया लागते. 2022 च्या ई-कचरा नियमांनी पॅनलही कक्षेत घेतले आहेत. उत्पादकांनी हा कचरा 2034-35 पर्यंत साठवून ठेवायचा आहे. आज जिंतूर, सेलू, पालमच्या शिवारांत बसणारे पॅनल त्यानंतरही पंधराएक वर्षे चालतील. ते उतरवले जातील तेव्हा त्यांतली चांदी काढणारा कारखाना मराठवाड्यात असेल का, हे ठरवायला तेवढाच अवधी आहे.