आधी हात, मग तराजू

प्राथमिक वर्गात लांबीचे मापन शिकवणे तुलनेने सोपे जाते, कारण दोन काठ्या शेजारी ठेवल्या की लांब कोणती हे डोळ्यांनाच कळते. वजनाला मात्र असा उघड पुरावा नसतो, आणि म्हणून उशी जड की कुलूप जड असे विचारले की लहान मूल बहुधा आकाराने मोठ्या वस्तूकडे बोट दाखवते. मुंबईत सांताक्रूझ पूर्वेच्या वाकोल्यासारख्या दाट वस्तीत भाजीवाले, रेशनचे दुकान, रद्दीवाला आणि सोनार ही सगळी तोलण्याची ठिकाणे मुलांच्या रोजच्या वाटेवरच असतात, पण तिथले दांडीचे तराजू जाऊन इलेक्ट्रॉनिक काटे आल्यापासून मुलाला तिथे फक्त चमकणारा आकडा दिसतो. एका वस्तूची दुसरीशी तुलना म्हणजे तोलणे, ही गोष्ट त्या आकड्यामागे झाकली जाते. बाजारातून दांडीचा तराजू गेला तरी शाळेतून तो जाऊ नये, असे ठामपणे म्हणावेसे वाटते ते याचसाठी.

अध्यापनाची सुरुवात मात्र तराजूपासूनही नव्हे, तळहातापासून करावी लागते. एकाच मापाच्या दोन कापडी पिशव्यांपैकी एकीत वाळू आणि दुसरीत लाकडाचा भुसा भरून त्या मुलांच्या दोन हातांत दिल्या, की आकार सारखा असूनही भार वेगळा असू शकतो हे स्नायूंनाच समजते. त्यानंतर याच्या उलट प्रयोग घेतला जातो, म्हणजे एक मोठा आणि एक लहान डबा घेऊन दोन्ही नेमके सारख्या वजनाचे भरले जातात. जवळजवळ सगळा वर्ग लहान डबा जड असल्याचे सांगतो, आणि शिक्षकाच्या हातालाही तो तसाच लागतो. फ्रेंच डॉक्टर ऑगस्तँ शारपाँतिए यांनी 1891 मध्ये नोंदवलेला हा भ्रम खरे वजन कळल्यानंतरही हटत नाही. हाताची साक्ष अपुरी आहे हे मुलांनी असे स्वतः पाहिले, म्हणजे तराजूची गरज वेगळी पटवून द्यावी लागत नाही.

वर्गातला पहिला तराजू कपड्यांच्या हँगरचा असतो. त्याच्या दोन टोकांना सुतळीने सारख्या डब्या बांधून तो खिळ्याला टांगला की बहुतेक वेळा एक बाजू थोडी कलते, आणि इथे घाई न करणे महत्त्वाचे ठरते. रिकामी पारडी समतोल होण्यासाठी हलक्या बाजूला जो लहानसा तुकडा अडकवतात त्याला पासंग म्हणतात. तो मुलांनी स्वतः शोधून लावला, तर मोजण्यापूर्वी साधन तपासायचे असते हा मापनशास्त्राचा पहिला नियम त्यांच्या हाती येतो.

मग खोडरबर किती चिंचोक्यांचे, डबा किती गोट्यांचा, अशी अप्रमाणित एककांनी, म्हणजे सर्वांनी मिळून न ठरवलेल्या मापांनी, मोजणी सुरू होते. सोनारांनी पूर्वी याच रीतीने गुंजेचे बी वापरले आणि आठ गुंजांचा मासा व बारा माशांचा तोळा धरला. गुंज विषारी असल्याने ती वर्गात आणू नये, चिंचोका पुरेसा आहे. प्रत्येक गटाचे उत्तर वेगळे आले की भांडण होते, आणि ते होऊ द्यावे. अशा वेळी पाच रुपयांची दोन प्रकारची नाणी फार उपयोगी पडतात: तांबे-निकेलचे जुने जाड नाणे 9 ग्रॅमचे, तर 2019 पूर्वीचे पिवळसर नवे नाणे 6 ग्रॅमचे असल्याने एका पारड्यात दोन जुनी आणि दुसऱ्यात तीन नवी ठेवली की दांडी सरळ होते. किंमत तीच असूनही भार वेगळा, हे पाहिल्यावर सर्वांना मान्य असे एकच एकक हवे, ही मागणी मुलांकडूनच येते.

ती मागणी लोखंडी षटकोनी वजनांनी पुरी होते. त्यांच्या पोकळीत भरलेल्या शिशावर तपासणीचा शिक्का असतो, आणि दुकानातल्या वजनामागे वैधमापन निरीक्षकाचे वजन, त्याच्याही मागे दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेतील प्लॅटिनम-इरिडियमचा 57 क्रमांकाचा किलोग्रॅम अशी साखळी असते. 20 मे 2019 पासून किलोग्रॅमची व्याख्या धातूच्या दंडगोलावर नव्हे तर प्लांकच्या स्थिरांकावर आधारलेली आहे, पण एवढा तपशील प्राथमिक वर्गात नसला तरी चालतो.

खरे गणित वजनांच्या निवडीत आहे. 50, 100, 200, 200 आणि 500 ग्रॅम एवढ्या पाचच वजनांनी 50 पासून 1050 पर्यंतचे, पन्नासाच्या टप्प्यातले प्रत्येक माप तोलता येते. पाऊण किलोसाठी 500, 200 आणि 50 लागतात हे मुले खटपट करून शोधतात, आणि पाव, पाऊण, सव्वा, दीड हे घरात ऐकलेले शब्द 250, 750, 1250, 1500 या आकड्यांशी जोडले जातात. दोनशेची दोन्ही वजने बाजूला काढून उरलेल्या तिन्हींनी 450 ग्रॅम तोलायला सांगितले, तर थोड्या वेळाने कोणीतरी 50 चे वजन वस्तूच्याच पारड्यात टाकून दुसरीकडे 500 ठेवते. वजाबाकी अशी डोळ्यांसमोर घडताना दिसणे ही दांडीच्या तराजूची देणगी आहे, आणि इलेक्ट्रॉनिक काटा ती देऊ शकत नाही. फ्रेंच गणिती बाशे यांच्या 1612 च्या ग्रंथातले कोडे याच जातीचे आहे: दोन्ही पारडी वापरल्यास 1, 3, 9 आणि 27 या चार वजनांनी 1 ते 40 पर्यंतची सर्व पूर्ण मापे तोलता येतात.

याच टप्प्यावर मातीचा गोळा तोलून मग तो थापून चपटा करावा आणि तोलण्यापूर्वी अंदाज विचारावा. मानसशास्त्रज्ञ पियाजे आणि इनहेल्डर यांच्या अभ्यासानुसार आकार बदलला तरी वजन तेच राहते ही समज साधारण नवव्या-दहाव्या वर्षी पक्की होते, म्हणून तिसरीतल्या मुलाने वजन बदलेल असे सांगितले तर त्याला चूक ठरवू नये, पारड्याला उत्तर देऊ द्यावे.

वस्तुमान म्हणजे वस्तूतील द्रव्यसंचय आणि वजन म्हणजे त्यावरील पृथ्वीची ओढ, हा भेद शब्दांपेक्षा साधनांतून लवकर कळतो. दांडीचा तराजू दोन वस्तुमानांची तुलना करतो. हुकाचा स्प्रिंगकाटा ओढ मोजतो, आणि चंद्रावर तो सुमारे एक षष्ठांशच दाखवील, तराजूची दांडी मात्र तिथेही सरळच राहील. दुधाची अर्ध्या लिटरची पिशवी तोलली तर ती 500 ग्रॅमपेक्षा थोडी अधिक भरते, तेव्हा लिटर आणि किलो ही वेगळी मापे असल्याचेही ध्यानात येते.

वर्गातल्या या कामाला शाळेच्या आतच दोन उपयोग मिळतात. माध्यान्ह भोजनात पहिली ते पाचवीच्या प्रत्येक मुलामागे 100 ग्रॅम धान्य धरलेले असते, त्यामुळे तीस मुलांच्या वर्गाला तीन किलो हा हिशेब जेवणापूर्वीच करता येतो. दुसरा उपयोग दप्तराचा: महाराष्ट्र शासनाने 2015 मध्ये दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांवर जाऊ नये असे ठरवले. वजनकाट्यावर मूल आधी दप्तरासह आणि मग दप्तराशिवाय उभे राहते, दोन नोंदींची वजाबाकी करते, आणि 25 किलोच्या मुलाला अडीच किलोची मर्यादा ओलांडलेली आढळली तर एकेक वस्तू काढून पुन्हा तोलते. काय कमी करता येईल याचा शोध बऱ्याचदा वह्यांआधी पाण्याच्या बाटलीवर येऊन थांबतो, कारण भरलेल्या लिटरभर बाटलीतले पाणी एकटेच सुमारे एक किलो भरते.