मोठ्या कंपनीतली नोकरी

मुलगा शिकला, हाताशी आला, की घरात एकच बोलणे सुरू होते. एखाद्या मोठ्या कंपनीत चिकटला म्हणजे बरे! यात वावगे काही नाही. पाऊस लहरी. शेत थोडे आणि वाटेकरी फार. महिन्याच्या महिन्याला घरात पगार आला तर कुणाला नको आहे?

पण बैल घेताना आपण काय करतो? त्याचे दात पाहतो. त्याला चालवून पाहतो. नुसती शिंगे पाहून पैसे मोजत नाही. नोकरीही तशीच पारखून घ्यावी.

आपल्याकडे कारखाने नवे नाहीत. 1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानात, कुंडलजवळच्या ओसाड माळावर कारखाना उभा केला. तिथे लोखंडी नांगर तयार होऊ लागले. कामगारांची वस्ती झाली. तीच आजची किर्लोस्करवाडी. पुढे 1962 साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. वाळूज, रांजणगाव, चाकण, बुटीबोरी अशा ठिकाणी कारखान्यांच्या वसाहती झाल्या. गावोगावची मुले तिकडे जाऊ लागली.

फायदे कोणते?

पहिला फायदा, पगाराची तारीख ठरलेली असते. घरखर्चाचा मेळ बसतो. मुलांची फी वेळेवर भरता येते.

दुसरा फायदा म्हणजे भविष्य निर्वाह निधी. याला कामगार 'पीएफ' म्हणतात. मूळ पगार व महागाई भत्ता यांवर शंभराला 12 रुपये कापतात. तितकीच रक्कम कंपनी आपल्या पदरची घालते. म्हणजे 15,000 रुपयांवर तुमचे 1,800 आणि कंपनीचे 1,800. कंपनीच्या वाट्यातला काही भाग पेन्शनसाठी जातो. पगार कापला म्हणून पुष्कळजण कुरकुरतात. पण हे म्हातारपणाचे बियाणे आहे.

तिसरा फायदा, दुखण्याखुपण्याची सोय. ठरावीक मर्यादेपर्यंत पगार असणाऱ्याला राज्य विमा योजना लागू होते. तिला 'ईएसआय' म्हणतात. कामगाराचे शंभर रुपयांमागे फक्त 75 पैसे जातात. कंपनी सव्वातीन रुपये भरते. त्यात कामगाराला आणि त्याच्या कुटुंबाला औषधोपचार मिळतो.

शिवाय कायम कामगाराने सलग पाच वर्षे नोकरी केली, तर नोकरी सोडताना वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार मिळतो. त्याला ग्रॅच्युइटी म्हणतात. आणि नवे यंत्र हाताखाली आले की नवे कसब शिकायला मिळते. ते कुणी काढून घेऊ शकत नाही.

तोटे कोणते?

आता दुसरे पारडे पाहू. मोठ्या कंपनीत हजारो माणसे. तिथे आपण एक हजेरी क्रमांक. घरी कुणी आजारी पडले, तर छोट्या दुकानाचा मालक म्हणतो, 'जा बाबा, दोन दिवसांनी ये.' कंपनीत मात्र रजेचा अर्ज, मग साहेबाची सही. काम पाळीचे. रात्रपाळीने झोप मोडते. वर्षानुवर्षे एकच काम करून जीव कंटाळतो.

खर्चाचाही हिशेब मांडावा. समजा, हातात 16,000 रुपये आले. खोली आणि वीज 4,000, जेवण 4,500, जाणे-येणे व इतर 1,500. एकूण खर्च 10,000. शिल्लक 6,000. गावात 10,000 चे काम असेल, जेवणखाण घरचे असेल, तर शिल्लक जास्त पडू शकते. म्हणून पगाराचा आकडा ऐकून हुरळू नये. हातात काय उरते ते पाहावे.

आणि मोठी कंपनीही बुडते, हे विसरू नये. मुंबईच्या कापड गिरण्या केवढ्या मोठ्या! कोकण, सातारा, कोल्हापूरची माणसे तिथे पिढ्यान्‌पिढ्या राबली. 18 जानेवारी 1982 ला सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. पुढे अनेक गिरण्या कायमच्या बंद पडल्या. ज्यांनी गावचे घर आणि शेत राखले होते, त्यांना परतायला जागा होती. नोकरी लागली म्हणून जमीन फुंकू नये, ती यासाठी.

खरी गोष्ट

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. फाटकावर नाव मोठ्या कंपनीचे असते. पण आत काम करणारे सगळेच त्या कंपनीचे नोकर नसतात. समजा, एकाच गावचे दोघे मित्र एकाच यंत्राशेजारी उभे आहेत. एक कंपनीच्या हजेरीपटावर, दुसरा ठेकेदाराच्या. काम सारखेच दिसते. पण कंपनीत मंदी आली की दुसऱ्याला आधी घरी बसवतात. ठेकेदार बदलला, तर त्याची नोकरीच धोक्यात येते. ठेक्यातल्या कामगारालाही पीएफचा हक्क आहे. ठेकेदाराने मजुरी बुडवली, तर ती देण्याची जबाबदारी कंपनीवर येते. पण हे ठाऊक नसेल, तर मागणार कोण?

म्हणून कामाला लागण्याआधी चार गोष्टी विचाराव्यात.

1. नेमणुकीचे पत्र कोणाच्या नावाने मिळणार? 21 नोव्हेंबर 2025 पासून नवे कामगार कायदे लागू झाले. त्यांत प्रत्येक कामगाराला असे पत्र देणे सक्तीचे आहे.

2. पगारातून काय काय कापणार? दर महिन्याला पगाराची चिठ्ठी घ्यावी. पीएफचा 12 आकडी क्रमांक वहीत लिहून ठेवावा.

3. कामाचे तास किती? आठवड्याला 48 तासांहून जास्त काम केले, तर जादा वेळेचा दर दुप्पट असतो.

4. काम किती दिवसांचे? कायम, ठरावीक मुदतीचे, की ठेक्याचे?

कोऱ्या कागदावर मात्र कधीही सही करू नये. मुकादम म्हणेल, 'वाचायचे काय त्यात? सगळेच करतात.' त्याला शांतपणे सांगावे, 'मला वाचता येते. वाचतो आणि मग सही करतो.'

मोठ्या कंपनीतली नोकरी चांगली असू शकते. मिळाली तर जरूर करावी. पण कंपनी मोठी आहे एवढ्यावर भुलू नये. तिच्या मोठेपणातला आपला वाटा किती, हे त्या नेमणुकीच्या कागदावर लिहिलेले असते. तो कागद आधी वाचावा.