खतावणीतील खात्यांचे वर्गीकरण

निविष्ठांची एकत्रित खरेदी व शेतमालाची एकत्रित विक्री करावयाची, तर हिशेब चोख असला पाहिजे. २००२ सालच्या कायदा-दुरुस्तीने शेतकऱ्यांना स्वतःची उत्पादक कंपनी स्थापन करण्याचा मार्ग खुला झाला. अशा कंपनीची कीर्द-खतावणी आता संगणकावर ठेवता येते. त्यासाठी मुंबईत विकसित झालेली ‘ईआरपीनेक्स्ट’ ही मुक्तस्रोत प्रणाली उपलब्ध आहे. तिची मूळ संहिता कोणासही पाहता, वापरता व बदलता येते. परवान्यासाठी मूल्य द्यावे लागत नाही. परंतु यंत्र बेरीज अचूक करीत असले, तरी कोणते खाते कोणत्या वर्गात घालावयाचे हे माणसानेच ठरवावयाचे असते.

खात्यांचे मूळ वर्ग पाच आहेत :

(१) मत्ता – रोकड, बँकेतील शिल्लक, गोदामातील माल, यंत्रे व येणे रकमा.
(२) देणी – कर्ज व व्यापाऱ्यांची बाकी.
(३) भांडवल – सभासदांचे भाग व साठलेला नफा.
(४) उत्पन्न – विक्री, सेवाशुल्क, मिळालेले व्याज.
(५) खर्च – विकलेल्या मालाची किंमत, वाहतूक, पगार, दिलेले व्याज.

पहिले तीन वर्ग ताळेबंदात जातात. शेवटचे दोन नफा-तोटा पत्रकात.

वर्ग चुकल्यास काय होते ते पाहा. समजा, एका कंपनीची वर्षाची विक्री १२,००,००० रुपये व खर्च ११,४०,००० रुपये आहे. खरा नफा ६०,००० रुपये. त्याच वर्षी घेतलेले ५,००,००० रुपयांचे कर्ज कारकुनाने उत्पन्नात धरले, तर नफा ५,६०,००० रुपये दिसेल. सभासद वाटणी मागतील आणि वाटला जाईल तो बँकेचा पैसा! याउलट, चाळणी यंत्राची सर्व किंमत एकाच वर्षाच्या खर्चात टाकल्यास चालती कंपनीही तोट्यात दिसेल. यंत्र मत्तेत दाखवावे. खर्चात दरवर्षी केवळ घसारा टाकावा. कर्जाच्या हप्त्यातील मुद्दल देण्यातून वजा करावे. व्याज तेवढे खर्चात घालावे.

अशा चुका असूनही तेरीज बरोबर जुळते. म्हणून तेरजेवर विसंबून राहू नये.

या प्रणालीत समूह व खाते असे दोन प्रकार आहेत. समूहाखाली येणारे खाते समूहाचाच वर्ग घेते. नोंद खात्यावरच होते, समूहावर होत नाही. ‘निविष्ठा खरेदी’ हा समूह करून त्याखाली बियाणे, खते व औषधे अशी निराळी खाती उघडावीत. नोंदी झालेल्या खात्याचा पुढे समूह करता येत नाही. यास्तव आराखडा प्रथम कागदावर मांडून लेखापरीक्षकास दाखवावा.

ग्रामकार्यकर्त्यांनी सभासदांच्या बैठकीत ताळेबंद वाचून दाखवावा व प्रत्येक मोठ्या रकमेविषयी एकच प्रश्न विचारण्याची सवय लावावी : हा पैसा आपण मिळविला, की तो कोणास परत द्यावयाचा आहे?