आठ सदनिकांची रेघ

'बिल्डर' हा शब्द मराठीत रुळला तो काहीशा कुत्सित अर्थानेच. त्यामुळे या व्यवसायातील लहान माणसाची कुचंबणा हा विचाराचा विषय होऊ शकतो, हे सहसा कोणी ध्यानात घेत नाही. तथापि उलवे, द्रोणागिरी किंवा कामोठे येथे चार-सहा मजल्यांची एकेक इमारत उभारणारा व्यावसायिक आणि टोलेजंग मनोरे बांधणारी कंपनी यांना एकाच मापाने मोजणे न्यायाचे होणार नाही.

हा वर्ग नवी मुंबईच्या जडणघडणीतूनच निर्माण झाला. १९७० साली 'सिडको' स्थापन झाली आणि ९५ गावांच्या जमिनींवर नव्या शहराची आखणी झाली. जानेवारी १९८४ च्या आंदोलनात पाच जणांचे प्राण गेले. पुढे प्रकल्पग्रस्तांना साडेबारा टक्के योजनेखाली विकसित भूखंड मिळू लागले. भूखंड हाती आला, पण त्यावर बांधायला शेतकऱ्याजवळ पैसा नव्हता. दुसरीकडे सेंटरिंगचा ठेकेदार, रेतीचा पुरवठादार, मुकादम यांच्याजवळ बांधकामाचे ज्ञान होते, जमीन नव्हती. या दोघांच्या करारातून काही सदनिका मूळ धारकाला आणि उरलेल्या बांधणाऱ्याला, अशी वाटणी रूढ झाली. ठेकेदार पाहता पाहता 'डेव्हलपर' झाला. त्याचे भांडवल मात्र ठेकेदाराचेच राहिले.

त्याच्यावरील ताणाचे मूळ येथे आहे. हा ताण स्वभावाचा नव्हे, काळाचा आहे. जमिनीच्या व्यवहारासाठी बँका सहसा दाराशी उभे करीत नाहीत; मग पैसा खाजगी सावकाराकडून येतो. समजा, दोन कोटी रुपये दरमहा दोन टक्क्यांनी घेतले, तर व्याज महिन्याला चार लाख होते. खाडीलगतच्या भरावाच्या जमिनीत पायाचा खड्डा पावसाळ्यात पाण्याने भरला आणि चार महिने काम थांबले, की एक वीटही न चढता सोळा लाख गेले. शिवाय भाडेपट्ट्याच्या करारात बांधकाम पुरे करण्याची मुदत असते. ती ओलांडली की वाढीव अधिमूल्य भरावे लागते. ग्राहकाचे पैसे तर कामाच्या टप्प्यानुसारच येतात. नमुना करारनाम्याप्रमाणे जोते पूर्ण होईपर्यंत किमतीच्या ४५ टक्क्यांपलीकडे मागता येत नाही. जी सदनिका विकलीच गेली नाही, तिच्याकडून अर्थातच काहीच येत नाही.

पूर्वी यावर एक सोयीचा उतारा होता. पहिल्या इमारतीच्या नोंदणीचे पैसे दुसरीच्या जमिनीत घालायचे आणि दुसरीच्या पैशांतून पहिलीचे स्लॅब टाकायचे. बाजार चढता असेतो हे चक्र फिरे. मंदी आली की दोन्ही इमारती अर्धवट राहत आणि ग्राहक रस्त्यावर येई. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने ही वाट बंद केली. ग्राहकांकडून आलेल्या रकमेचा ७० टक्के भाग त्याच प्रकल्पाच्या स्वतंत्र खात्यात ठेवावा लागतो आणि वास्तुविशारद, अभियंता व सनदी लेखापाल यांच्या दाखल्यांनंतर, कामाच्या प्रमाणातच तो काढता येतो. ग्राहकाच्या दृष्टीने हे योग्यच झाले.

परंतु याच कायद्याने ५०० चौरस मीटरपर्यंतची जमीन किंवा आठ सदनिकांपर्यंतचे बांधकाम नोंदणीतून वगळले आहे. लहान व्यावसायिकाची खरी परीक्षा ही रेघ ओलांडताना होते. रेघेच्या अलीकडे त्याचा हिशेब वहीत आणि डोक्यात मावत असे. पलीकडे तिमाही माहिती, स्वतंत्र खाते, ताब्याची जाहीर केलेली तारीख आणि ती चुकल्यास ग्राहकाला व्याज, हे सारे एकदम अंगावर येते. इमारत दुप्पट होते, पण कचेरीत माणसे तीच असतात : बहुधा एक भाऊ, एक मेहुणा आणि अर्धवेळ हिशेबनीस. विस्तार म्हणजे प्रगती, हे समीकरण या व्यवसायात तरी तपासून घ्यावे लागेल. पहिल्या इमारतीचे भोगवटा प्रमाणपत्र हाती येईपर्यंत दुसऱ्या भूखंडाचा करार न करणे, खोदाई पावसाळा सरल्यावर काढणे आणि सहा महिन्यांचे व्याज आधीच बाजूला ठेवणे, हे उपाय नामुष्कीचे वाटतात, कारण शेजारचा स्पर्धक एव्हाना तिसरा फलक लावून मोकळा झालेला असतो.

शासनयंत्रणेचेही येथे काही देणे लागते. अर्जातील त्रुटी एकाच वेळी न कळवता एकामागून एक कळविल्या, तर तो काळही बांधणाऱ्याच्याच मुदतीतून जातो. कागद कार्यालयात अडकून राहिलेले दिवस भाडेपट्ट्याच्या मुदतीतून वगळावेत, ही मागणी अवाजवी म्हणता येणार नाही.

तोवर हा भार खालीच उतरत राहतो. पैसा तुंबला की प्रथम पुरवठादाराची देणी लांबतात, मग नाक्यावरून आलेल्या मजुराची. आठवड्याची मजुरी एकदा चुकली की पुढच्या सोमवारी दहांऐवजी सातच माणसे कामावर येतात, आणि स्लॅब आणखी एक आठवडा पुढे जातो.