क्वारचं ऊन आणि बीजींची पेटी

1989 साली मी लखनौला आले तेव्हा माझ्याकडे एकच स्वेटर होता, मावशीने लग्नात विणून दिलेला. रत्नागिरीत तो घालायची वेळच आली नव्हती. हे आलमबागच्या कॅरेज-वॅगन कारखान्यात लागले आणि आम्ही इथे दोन खोल्यांत संसार थाटला. डिसेंबर उजाडला तसं कळलं, की एका स्वेटरवर इथली थंडी निघत नाही. सकाळी दहापर्यंत धुकं, पहाटे सात-आठ अंश, कधी त्याहूनही खाली. दोनच वर्षांत इनर, कनटोप, मफलर, शाली, जाड पायमोजे, रजया असा पसारा झाला, की कपाटाचं दार लागेना.

हा पसारा वापरात असतो जेमतेम चार महिने. उरलेले आठ महिने तो सांभाळायचा असतो, आणि त्या आठ महिन्यांत आधी पंचेचाळीसच्या घरात जाणारा उन्हाळा असतो, मग जुलै ते सप्टेंबरचा दमट पावसाळा. लोकरीचे कपडे खराब होतात ते याच काळात, पेटीत, आपली पाठ वळलेली असताना.

माझ्या पहिल्या वर्षीची गोष्ट सांगते. होळीनंतर मी सगळं गोळा केलं, एकदाच घातलेले कपडे न धुताच घड्या केल्या, प्लास्टिकच्या पिशव्यांत कोंबले. वर मूठभर डांबरगोळ्या टाकल्या आणि त्या कमी पडू नयेत म्हणून कापराच्या वड्याही. ऑक्टोबरमध्ये पिशव्या उघडल्या तर शालीवर तेलकट डाग, पायमोज्यांना बुरशीचा वास आणि मावशीच्या स्वेटरच्या गळ्याशी, काखेत बारीक बारीक भोकं. मी तो स्वेटर मांडीवर घेऊन रडले. आईला पत्रात लिहायचंही धाडस झालं नाही.

त्या दिवशी शेजारच्या बीजी आल्या. फाळणीनंतर पंजाब-सिंधमधून आलेली पुष्कळ कुटुंबं आलमबागेत वसली, त्यांपैकी एक त्यांचं. त्यांच्या मागच्या खोलीत जस्ती पत्र्याची एक पेटी होती. एवढी मोठी, की तळ गाठायला त्या लहान नातवाला आत उतरवत. पंजाबी घरांतून अशी पेटी मुलीच्या लग्नात देत. पेटी हा शब्द आम्हा दोघींचाही, त्यावरूनच आमची मैत्री जमली. त्यांनी स्वेटर उजेडात धरला, भोकांवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, ‘बेटा, मळ ही किड्याची भाकरी आहे. तू भाकरीसकट कपडा ठेवलास.’

पुढे मी याबद्दल मिळेल ते वाचलं, तेव्हा बीजींचं म्हणणं शब्दशः खरं निघालं. आपण ज्याला सरसकट ‘कसर’ म्हणतो, त्यात दोन-तीन वेगळे जीव असतात. लोकर खातो तो एक फिकट सोनेरी, बारीक पतंग. खरं तर तोही नाही, त्याची अळी. उडणारा पतंग काहीच खात नाही, तो फक्त अंडी घालतो. लोकर, रेशीम, केस, पिसं यांत केराटिनसारखी प्रथिनं असतात, ती या अळीला पचतात. पण वाढायला तिला घामातले क्षार आणि अन्नाचे कण हवे असतात. म्हणून भोकं गळ्याशी, काखेत, बाहीच्या टोकाशी आधी पडतात. चंदेरी, सळसळणारी कसर वेगळी. तिला खळ आणि कागद आवडतो, म्हणून खळ घातलेल्या चादरीत लोकरीचे कपडे गुंडाळू नयेत.

तेव्हा पहिलं काम धुण्याचं. एकदाच घातलेलं असलं तरी. लोकरीच्या तंतूवर खवले असतात. गरम पाण्यात चोळलं की ते एकमेकांत अडकतात आणि स्वेटर आटून मुलाच्या मापाचा होतो. गार किंवा जेमतेम कोमट पाणी, रिठ्याचा फेस, हलक्या हाताने दाबणं, एवढं पुरतं. डाग काढणारी विकरं घातलेली पावडर लोकरीला वापरू नये, कारण लोकर स्वतःच प्रथिन आहे. पिळायचं नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचं आणि सावलीत आडवं पसरायचं. दोरीवर टांगलेला ओला स्वेटर स्वतःच्याच वजनाने लांबतो.

दुसरं काम वाळवण्याचं, आणि इथे माझं कोकण कामाला आलं. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा पाणी पोटात ठेवते आणि हाताला कोरडी लागते. असा कपडा प्लास्टिकमध्ये बंद केला, की ती ओल आतच फिरत राहते. आमच्याकडे आगोटीला, म्हणजे पावसाआधीच्या साठवणीला, आई लाकडं, मिरच्या, पापड, सगळं कडकडीत वाळवून मगच भरायची, कपड्यांत वेखंडाचे तुकडे ठेवायची. मार्चमधली लखनौची पेटी भरणं म्हणजे माझ्या लेखी आगोटच आहे. धुतलेला कपडा वाळल्यावर आणखी दोन दिवस वाऱ्यावर ठेवते, वर तासभर ऊन दाखवते, पूर्ण गार झाल्यावर घडी करते आणि जुन्या धुतलेल्या सुती साडीत बांधते. पेटी विटांवर, भिंतीपासून वीतभर लांब. पावसाळ्यात भिंतीची ओल सर्वात आधी तिला चिकटलेल्या वस्तूत उतरते.

आता ते तेलकट डाग. डांबरगोळी आणि कापूर हे दोन्ही वेगवेगळे घट्ट असतात, पण एकत्र आले की त्यांचं मिश्रण बत्तीस अंशांच्या आसपासच वितळतं. लखनौच्या मे महिन्यात पत्र्याच्या पेटीत काय होणार ते सांगायला नको. दोन्ही एकत्र कधीही ठेवू नका.

मी तर डांबरगोळ्या वापरणंच सोडलं आहे. सप्टेंबर 2017 मध्ये ट्रान्सपोर्ट नगर ते चारबाग मेट्रो सुरू झाली, त्याच हिवाळ्यात मुलीचं बाळंतपण माझ्याकडे झालं. जावई सिंधी. बाळाच्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत विचारलं, दुपटी-शाली कशात ठेवल्या होत्या? काही बाळांच्या रक्तपेशींत जी-सिक्स-पी-डी नावाचं विकर जन्मतः कमी असतं. आपल्या देशात पारशी आणि सिंधी समाजात हे प्रमाण जास्त आढळतं. अशा बाळाच्या अंगाला डांबरगोळीच्या वाफेचे कपडे लागले, तर तांबड्या पेशी फुटतात आणि कावीळ वाढते. नातवाला तो दोष नव्हता. पण मी त्याच्यासाठी जपून ठेवलेली शाल घेऊन बसले होते आणि तिला तो वास येत होता. तान्ह्या बाळाच्या घरात कृपा करून हे लक्षात ठेवा. गोळीचा वास जाईपर्यंत कपडा उन्हावाऱ्यावर टाका आणि धुतल्याशिवाय बाळाला गुंडाळू नका. आता मी कडुनिंबाचा वाळलेला पाला आणि वेखंड ठेवते. त्याने किडा मरत नाही. स्वच्छ कपड्यावर तो यायला बिचकतो, इतकंच. शंका आलीच तर तो एक स्वेटर पिशवीत बंद करून आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवते. उणे अठरा अंशांत अळीही मरते आणि अंडीही.

रजईचं दुखणं वेगळं. कापूस या अळीला नको असतो, त्याला शत्रू फक्त ओल. खोळ काढून धुवायची, रजई दोन दिवस गच्चीवर उलटसुलट टाकायची, काठीने झोडपायची आणि दिवाणात सर्वात वर ठेवायची. हवा काढून चपट्या करायच्या पिशव्या मी कापसाच्या रजईला वापरत नाही; आठ महिने दाबलेल्या कापसाच्या गाठी होतात, मग पिंजून घ्यावा लागतो. गरम पाण्याची रबरी पिशवी उलटी टांगून आतून वाळवावी, थोडी हवा भरून बूच लावावं, म्हणजे आतल्या बाजू चिकटत नाहीत.

पेटी लावायचा क्रम मला बीजींनी शिकवला. जानेवारीतलं जाड सगळ्यात आधी अंगावरून उतरतं, ते तळाला. अर्ध्या बाहीचा स्वेटर होळीपर्यंत लागतो, तो शेवटी, म्हणून वर. आणि दिवाळीनंतर पहिल्यांदा तोच हवा असतो. झाकणाच्या आत कागद चिकटवायचा, कोणाचं काय, कुठल्या थरात.

बीजींचं घर विकलं गेलं तेव्हा ती पेटी त्यांच्या मुलाच्या फ्लॅटच्या लिफ्टमध्ये मावेना. ती आता माझ्याकडे आहे. झाकणाच्या आत त्यांची गुरुमुखीतली यादी अजून चिकटलेली आहे. मला ती वाचता येत नाही, तरी मी माझा कागद तिच्या शेजारी लावते.

आश्विनाला इकडे क्वार म्हणतात आणि क्वारचं ऊन चामडी सोलणारं असतं. पाऊस सरून ते पडलं, की पहिल्याच कोरड्या दिवशी पेटी उघडायची. मी एकेक कपडा उजेडात धरते, शिवणींवरून बोट फिरवते, झटकते. नातवाला आखूड झालेले दोन स्वेटर यंदा बाजूला काढले आहेत. चारबाग स्टेशनाबाहेर रात्र काढणाऱ्या लेकुरवाळ्यांना ते नोव्हेंबरातच द्यायचे आहेत, धुकं पडायच्या आत.